जुन्या जीपला ट्रेलर लावताय? आधी ब्रेकचं बोलू

जुन्या जीपमागे ट्रेलर लावला की बघणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "ओढेल का हो?" पेट्रोल पंपावर, चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या गेटवर, सगळीकडे तेच. अहो ओढेल की, ओढायसाठीच तर केलीये ती. २.२ लिटरचं इंजिन, विलीज या अमेरिकन कंपनीच्या दुसऱ्या महायुद्धातल्या मॉडेलला ६० हॉर्सपॉवर आणि नंतरच्या सीजे-थ्रीबी मॉडेलला ७५, आजच्या हिशोबात हे आकडे किरकोळ वाटतात पण गिअरिंग असं आहे की दुसऱ्या गिअरात टाकून सोडली की बैलासारखी चालत राहते. प्रश्न ओढण्याचा नाहीच, प्रश्न थांबण्याचा आहे, आणि तो मात्र कुणी विचारत नाही.

माझ्याकडे सीजे-थ्रीबी आहे, महिंद्राची, पेट्रोल, उंच बॉनेटवाली. ट्रेलर पाव टनी, जुना मिलिटरी पॅटर्नचा. मामाची वाडी चिपळूणच्या पुढं, तिथं काय ना काय सामान न्यावं लागतं, जनरेटर, पाइप, ग्रास कटर, कधी खताची पोती, आणि येताना आंबा फणस नारळ जे हाताला लागेल ते. पिकअप भाड्याने घेतली तर स्वस्त पडेल हे मला बायकोने बऱ्याचदा सांगून झालंय, तो विषय आज नको.

या ट्रेलरची गोष्ट भारी आहे, आधी ती सांगतो. जीपचा पहिला प्रोटोटाइप बनवला अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने, पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावात, आणि सप्टेंबर १९४० मध्ये आर्मीच्या हवाली केला. पण मोठ्या ऑर्डरी गेल्या विलीज आणि फोर्डकडे, कारण बँटमची फॅक्टरी छोटी. मग बँटमच्या वाट्याला काय आलं, तर त्याच जीपमागे लावायचे पाव टनी ट्रेलर! म्हंजे कल्पना यांची आणि शेवटी हातात आली ट्रॉली. पण ती ट्रॉली काय डोकं लावून केलीये बघा. टब वॉटरटाइट, पाण्यात घातली तर तरंगते, तळाला पाणी काढायला बूच. चाकं जीपचीच, ६.००-१६ साइजच्या टायरची, त्यामुळे एक स्टेपनी दोघांना चालते. पुढे एक दुमडता पाय, उभी करून ठेवायला. आणि हँडब्रेक, पण फक्त पार्किंगपुरता. चालताना लागणारा ब्रेक ट्रेलरला नाहीच. बाकी सगळं सोडा पण हे एक वाक्य डोक्यात ठेवा, कारण मागचं सगळं वजन थांबवायचं काम जीपच्या चार ब्रेक-ड्रमांनाच करायचंय.

आता वजनाचं गणित. रिकामा ट्रेलर साधारण ५५० पौंड म्हंजे २५० किलो, आणि ऑफरोडला माल ५०० पौंड म्हंजे सव्वादोनशे किलो. एकूण पावणेपाचशे. जीप स्वतः अकराशे किलोच्या आसपास. ब्रिटनमध्ये नियम असा आहे की ब्रेक नसलेला ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या निम्म्या वजनापेक्षा जास्त नको, आणि गाडी कितीही मोठी असली तरी ७५० किलोच्या वर नकोच. आपल्या जीपचं निम्मं साडेपाचशे, ट्रेलर भरून पावणेपाचशे, म्हंजे ऐंशी वर्षांपूर्वी आर्मीने ठरवलेला आकडा आजच्या नियमातही बरोब्बर बसतो. मला हे बघून फार बरं वाटलं होतं. त्यामुळे माझा हिशोब फिक्स आहे, रस्ता चांगला असो वाईट असो, सव्वादोनशे किलोच्या वर माल नाही.

पण सव्वादोनशे किलो दिसायला किती कमी दिसतं हे कोकणात गेल्यावर कळतं. जांभ्याचा एक चिरा तीस किलोच्या वर भरतो. सहा-सात चिरे घातले की कोटा संपला, आणि टबाचा तळसुद्धा झाकत नाही त्यात. मामा कठड्याला टेकून बघणार आणि म्हणणार, "अरे रिकामाच चाललायस की, अजून पंधरा-वीस बसतील." बसतील मामा, बसायला चाळीसपण बसतील. ओली वाळू तर अजून डेंजर, टब अर्धापण भरला नसताना वजन पार हाताबाहेर गेलेलं असतं. जागा आहे म्हणून भरत जायचं ही सवय आपल्याला टेम्पोनं लावलीये, ट्रेलरला ती चालत नाही. आणि पाण्याचं पिंप न्यायचंच असेल तर काठोकाठ भरून न्या नायतर रिकामं न्या, अर्धं पिंप वळणावर आतल्या आत हेलकावे खातं आणि ट्रेलरला सोबत घेऊन जातं.

माल ठेवायचा कसा, याबद्दल लोक फार कॅज्युअल असतात. जड सामान एक्सलवर आणि थोडं पुढे. मागे अजिबात नको. हुकवर थोडा भार यायलाच पाहिजे, युरोपात ट्रेलरच्या वजनाच्या पाच ते सात टक्के म्हणतात, अमेरिकेत दहा टक्क्यांच्या आसपास सांगतात, मी पस्तीस ते चाळीस किलोच्या मध्ये ठेवतो. मोजायला घरातला वजनकाटा पुरतो, आपण उभे राहतो तो. ट्रेलर सपाट जागेवर, चाकांना पुढून-मागून ठोकळे, काट्यावर लाकडाचा तुकडा उभा धरायचा आणि त्यावर दांडीचं टोक ठेवायचं, ट्रेलर जीपला जोडल्यावर जेवढ्या उंचीवर असतो तेवढ्याच उंचीवर. काट्यावर पंधरा आलं तर जनरेटर वीतभर पुढे सरकवा, साठ आलं तर मागे. दहा मिनिटांचं काम आहे. जास्त भार पण नको कारण जीपचे मागचे स्प्रिंगचे पाटे बसतात, पुढची चाकं हलकी होतात, आणि या जीपचं स्टेअरिंग आधीच कसं असतं ते ज्याच्याकडे आहे त्याला सांगायला नको.

भार मागे गेला तर काय होतं? ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. आधी हळूच, वाटतं वारा असेल, मग ट्रक ओव्हरटेक करून जातो आणि त्याच्या हवेच्या झटक्याने एकदम वाढतं. जीपचा व्हीलबेस ८० इंच, म्हंजे दोन मीटर फक्त, लांब गाडीला जो ट्रेलर नुसता गुदगुल्या करेल तोच या गाडीची मागची बाजू धरून फिरवतो. अशा वेळी पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि तेच करायचं नसतं, कारण ब्रेक मारला की जीप हळू होते आणि ट्रेलर मागून ढकलतच राहतो, मग तो तिरका होऊन जीपलाच आडवी करतो. ॲक्सिलेटर सोडायचा, स्टेअरिंग सरळ घट्ट धरायचं, उलट-सुलट फिरवून त्याच्याशी भांडायचं नाही, स्पीड उतरला की तो स्वतःच शांत होतो. मग बाजूला घेऊन माल पुढे सरकवायचा, "होईल आता नीट" म्हणून तसंच पुढे निघायचं नाही. बरं, स्टेअरिंगला प्ले असेल, किंगपिन (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या पिना) ढिल्या असतील, मागच्या पाट्यांचे बुश गेले असतील तर ट्रेलर लावायच्या आधी ती कामं करा. एकट्या गाडीत जे चालून जातं ते मागे ट्रेलर आला की चालत नाही.

आता मेन विषय, घाट. कुंभार्ली उतरताना समजा ६०० मीटर खाली यायचंय. एकटी जीप, मी आणि थोडं सामान मिळून साडेबाराशे किलो धरा. एवढं वजन ६०० मीटर खाली आणायचं म्हंजे जी ऊर्जा कुठंतरी जिरवायची असते ती दोन युनिट विजेएवढी होते. ट्रेलर, त्यातला माल आणि शेजारी एक माणूस धरला की जवळपास अठराशे किलो आणि जवळजवळ तीन युनिट. तीन किलोवॅटचा गीझर तासभर चालवल्यावर जेवढी उष्णता होते तेवढी. ही सगळी तुम्ही नऊ इंची चार ड्रमांत ओतणार असाल तर काय होईल? ड्रम तापून फुगतो, लायनर (ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारं अस्तर) लांब पडतो, पेडल खाली खाली जायला लागतं, लायनरचा वास येतो, आणि मग ब्रेक ऑइल उकळलं की पेडल स्पंजासारखं होऊन तळाला टेकतं. डॉट-थ्री ऑइल नवं असताना २०५ डिग्रीला उकळतं पण त्यात ओल शिरली की तोच आकडा १४० वर येतो, आणि कोकणातल्या दोन पावसाळ्यांत ओल शिरायला किती वेळ लागतो? शिवाय या गाड्यांत मास्टर सिलिंडर, म्हंजे पेडलचा दाब ऑइलमधून चाकांपर्यंत पोचवणारा, पायाखाली, फ्लोअरच्या पत्र्याखाली चेसिसला असतो, वर झाकण असतं, ते उघडायचा कंटाळा, मॅट उचलायचा कंटाळा, म्हणून वर्षानुवर्षं कुणी ऑइल बघतच नाही. आणि सर्किट एकच. आजच्या गाडीत अर्धी लाइन गेली तर अर्धी राहते, इथं एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. मी ट्रेलर लावायच्या सीझनला आधी ऑइल पूर्ण बदलतो, पाइप आणि व्हील सिलिंडर बघून घेतो, चारही ड्रम उघडून ॲडजस्ट करतो, आणि एक बाजू ओढत असेल तर ती नीट झाल्याशिवाय निघत नाही. आमच्या मिस्त्रींना हे सगळं जास्तीचं वाटतं. "दादा, ब्रेक लागतोय ना, मग कशाला उघडायचं?" लागतोय हो, कात्रजला लागतोय. घाटाच्या तळाला पोचेपर्यंत लागला पाहिजे.

म्हणून ती तीन युनिटं जेवढी जमतील तेवढी इंजिनमध्ये जिरवायची. यात एक गंमत आहे, या गाडीचा तीन गिअरांचा गिअरबॉक्स, त्यात पहिल्याला सिंक्रोमेश नाही, म्हंजे चालत्या गाडीत गिअर सहज बसवून देणारी सोय नाही. चालत्या गाडीत उतारावर दुसऱ्यातून पहिल्यात टाकायला गेलात आणि डबल क्लच (मध्ये न्यूट्रलला थांबून क्लच दोनदा दाबणं) जमला नाही तर करकर वाजेल, गिअर बसणार नाही, आणि आता दुसराही नाही, गाडी न्यूट्रलमध्ये सुसाट. त्यामुळे गिअर घाट सुरू व्हायच्या आधी ठरवायचा. वरच्या बाजूला चहा प्यायचा, दुसरा टाकायचा, आणि खाली जाईपर्यंत तोच. स्पीड पंचवीस-तीस, मागून हॉर्न मारतात तर मारू देत, जागा मिळाली की बाजू देऊन मोकळं व्हा. ब्रेक सतत दाबून धरायचा नाही, स्पीड वाढला की नीट दाबून उतरवायचा आणि पूर्ण सोडायचा, मधल्या वेळात ड्रमला हवा खाऊ द्यायची. मध्येच एकदा थांबून चाकाजवळ हात नेऊन बघायचा, चारही सारखे तापलेत का ते, एखादा जास्तच भाजत असेल तर तिथं काहीतरी धरतंय. हाताने ड्रमला थेट शिवायचं नाही, एवढं तरी सांगायला पाहिजे का, पण सांगून ठेवतो.

"मग लो गिअर टाक की" असं बरेच जण सुचवतात. या जुन्या ट्रान्सफर केसमध्ये (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारी गिअरची पेटी) लो टाकायचा तर आधी पुढचा एक्सल जोडावा लागतो, आणि कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये वळणं घेत गेलं की पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, ते ताण सगळे जोडांवर आणि क्रॉसवर (एक्सलकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याच्या सांध्यांवर) येतात. चिखलात, खडीत, वाडीच्या कच्च्या उतारावर लो टाका, तिथं मजा आहे. डांबरी घाटात लो न टाकता नेहमीचा दुसरा गिअरच बरा.

हँडब्रेकबद्दल वेगळं लिहायलाच पाहिजे. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे जोडावर एक ड्रम असतो, त्याला धरतो. म्हंजे त्या ड्रमपासून मागचा जोड, क्रॉस, डिफ्रन्शियल, एक्सल यातलं काहीही तुटलं तर हँडब्रेक ओढलेला असून नसल्यासारखा. आणि चालत्या गाडीत जोरात ओढला तर तेच तुटण्याची शक्यता जास्त. तो उभ्या गाडीसाठी आहे, इमर्जन्सीसाठी नाही, आणि उतारावर मागे भरलेला ट्रेलर असताना एकट्या त्याच्या भरवशावर गाडी सोडून चहाला जाऊ नका. माझ्याकडे चार लाकडी ठोकळे कायम ट्रेलरमध्ये असतात. दोन जीपला, दोन ट्रेलरला. आणि सोडवायच्या आधी ठोकळे, मग हुक, हा क्रम बदलायचा नाही.

हुकचं सांगायचं तर वेल्डिंगवाल्यावर सगळं सोपवू नका. मी असे हुक बघितलेत की जे बंपरच्या पत्र्याला टाके मारून चिकटवलेत, वरून मस्त ऑलिव्ह ग्रीन कलर. हुकचा सगळा झटका चेसिसच्या मागच्या आडव्या मेंबरवर गेला पाहिजे, बोल्टने, मागे जाड प्लेट लावून. आणि साठ वर्षांच्या चेसिसमध्ये तोच मेंबर सगळ्यात आधी कुजलेला असतो कारण चिखल नेमका तिथंच साचतो. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, हातोडीने वाजवून बघा, टणटण वाजतंय की थपथप ते लगेच कळतं. साखळ्या दोन पाहिजेत, दांडीखालून एकमेकींवर फुली करून जीपच्या चेसिसला लावायच्या. फुली का, तर हुक सुटलाच तर दांडीचं टोक रस्त्यात रुतायच्या ऐवजी त्या फुलीत झेललं जातं. वळताना ताणणार नाहीत इतक्या लांब, रस्त्याला घासणार नाहीत इतक्या आखूड. पिनला क्लिप. क्लिपच्या जागी तार पिळलेली दिसली की माझं डोकं फिरतं, पाच-दहा रुपयांची वस्तू आहे हो.

लाइटचा त्रास जुन्या गाडीत वेगळाच असतो. युद्धातल्या विलीज सहा व्होल्टच्या, नंतरच्या बारा व्होल्टच्या, ट्रेलरचे बल्ब घेताना आधी ते बघा. ट्रेलरचं अर्थिंग हुकमधूनच मिळेल असं धरून चालू नका, तिथं ग्रीस आणि गंज, लाइट लागतो-विझतो-लागतो आणि नेमकं रात्री अंधारात विझतो. वेगळी अर्थिंगची वायर ओढा. जुन्या फ्लॅशरला (इंडिकेटर उघडझाप करणारा रिले) दोन बल्ब जास्त लागले की इंडिकेटर वेडावाकडा चालतो, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर टाकला की प्रश्न मिटला. आणि रिफ्लेक्टिव्ह टेप, मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी, भरपूर लावा, ओरिजिनॅलिटी गेली तर गेली. उसाच्या सीझनमध्ये कराडच्या पुढे रात्री गाडी चालवलेल्या कुणालाही विचारा, बिनालाइटची ट्रॉली पुढ्यात येईपर्यंत दिसत नाही. मी तर अंधार पडल्यावर ट्रेलर घेऊन हायवेवर जातच नाही. दिवसा ५० चा स्पीड, तोही रस्ता मोकळा असेल तर.

टायर आणि बेअरिंग थोडक्यात. ट्रेलरचा टायर झिजून जात नाही, उभ्याउभ्याच म्हातारा होतो, नक्षी नवी दिसते आणि बाजूला बारीक चिरा, साइडवॉलवरचे चार आकडे वाचा, आधीचे दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. एका एक्सलवर एक रेडियल एक साधा असं करू नका. हबमध्ये ग्रीस, आणि पहिल्या थांब्याला हब हाताने चाचपायचा.

रिव्हर्स म्हंजे या ट्रेलरचा खरा इंगा. लांब ट्रॉली आरामात मागे जाते, हा छोटा ट्रेलर मात्र बघता बघता काटकोनात दुमडतो. स्टेअरिंग खालच्या बाजूने धरायचं, ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात न्यायचा, अगदी थोडा, आणि लगेच परत. वाकडा झाला की पुढे घेऊन सरळ करायचा, तिथंच दुरुस्त करत बसायचं नाही. मोकळ्या मैदानात एक रविवार घालवा. आणि वाडीच्या गेटात अगदीच जमेना तर ट्रेलर रिकामा करून सोडवा आणि दोघांनी हाताने ढकलून लावा, अडीचशे किलो सपाटीला सहज हलतो, कुणी हसत नाही. मामा हसतात, पण ते कशालाही हसतात.

कागदांचं राहिलंच. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन धरलंय, म्हंजे त्याचं रजिस्ट्रेशन वेगळं, जीपचं आहे म्हणून ट्रेलर त्यात आलाच असं नाही. विकत घेताना ट्रेलरची कागदं मागा, "आर्मीचा आहे, त्याला काय लागतंय" असं सांगणारा विकून मोकळा होतो. दुसरं म्हंजे २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात ठेवलेली गाडी, व्हीए सिरीजचा नंबर, नव्या रजिस्ट्रेशनला २० हजार फी. बऱ्याच मित्रांनी उत्साहात चौकशी केली, नंबरप्लेट दिसते पण झकास. पण त्या नंबरवर गाडी रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, मेंटेनन्स अशाच कामाला रस्त्यावर आणायची. म्हंजे व्हीए नंबरच्या जीपमागे खताची पोती टाकून चिपळूणला जाणं त्यात कुठंच बसत नाही. आणि चेसिस-बॉडीत मोठे फेरफार चालत नाहीत म्हटल्यावर हुकसाठी चेसिस कापाकापी केली असेल तर तो वेगळा वांधा. मी माझा जुना नंबरच ठेवलाय, दर पाच वर्षांनी पासिंगचा कुटाणा करतो, आणि ट्रेलर वापरात आहे तोवर नंबर बदलायचा विचार नाही.